घंटा वाजल्यापासून पाणी पडेपर्यंत: अग्निशमन खात्याचं काम मोजायचं कसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुजरातेतल्या एका नगरपालिकेत प्रशासनाच्या बाजूने तुमची नेमणूक झाली, अग्निशमन विभाग तुमच्या टेबलावर आला, आणि महिन्याभरात त्याची ‘उद्दिष्टं व कामगिरीचे निर्देशक’ करून द्यायचे आहेत. सल्लागार कंपनीने एक्सेलमध्ये ४२ निर्देशक भरून पाठवलेत. त्यातले किती ठेवावेत, पोहोचण्याची वेळ किती मिनिटं धरावी, आणि हे आकडे माणसांच्या गोपनीय अहवालाला जोडावेत का, असे तीन प्रश्न. माहेर बडोद्याच्या दांडिया बाजारचं म्हणालात आणि मला काका म्हणालात, तेव्हा कचेरीची भाषा बाजूला ठेवून लिहितो.

मी ३१ वर्षं अग्निशमन सेवेत काढली. फायरमन म्हणून लागलो, अधिकारी होऊन निवृत्त झालो, आता बडोद्यात असतो. नोकरी कुठे केली ते लिहीत नाही. ज्यांच्या गोष्टी खाली येतील ती माणसं अजून कामावर आहेत, आणि त्यातल्या निम्म्या चुका माझ्याच आहेत.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते चुकलं तर बाकीच्या दोघांना अर्थ उरत नाही. जोडू नका. गुजरातीत आपण ज्याला खानगी अहेवाल म्हणतो, त्यात एकदा मिनिटं शिरली की ती मिनिटं खरी राहत नाहीत.

एका वर्षी आमच्याकडे वरून हुकूम आला: प्रत्येक कॉलला ६ मिनिटांत पोहोचायचं. महिनाअखेरीस तक्ता लागायचा आणि ६ च्या वर गेलेल्या स्टेशनापुढे लाल शाई. त्याआधी आमच्या ऑकरन्स बुकातल्या, म्हणजे कॉलच्या नोंदवहीतल्या, वेळा कशा असायच्या? ४, ११, ७, १९, ५. हुकमानंतर तीन महिन्यांनी बघतो तर ६, ५, ६, ६, ६. मी खूश. तक्ता साहेबांना नेऊन दाखवला, त्यांनी पाठ थोपटली. मग एका गल्लीत आत असलेल्या लाकडाच्या वखारीला आग लागली. चौकशीला गेलो तेव्हा मालक म्हणाला, “गाडी तो चोकमां ऊभी हती साहेब, पण अंदर क्यां आवी?” बुकात वेळ ६ मिनिटं. खोटं कोणी लिहिलं नव्हतं. गाडी चौकाच्या तोंडाशी आली की क्रूचा प्रमुख वायरलेसवर ‘पोहोचलो’ सांगून मोकळा होत होता. त्यानंतर हातगाड्या हलवा, गाडी मागे घ्या, होज (पाण्याचा पाइप) अंथरा. हा सगळा वेळ कोणाच्याच खात्यावर पडत नव्हता.

वखार गेली. पुढच्याच महिन्यात एका ड्रायव्हरने लाल शाई टाळायला वळणावर गाडी दामटली आणि एका स्कूटरवाल्याचा पाय मोडला. कॉल होता कचऱ्याच्या ढिगाचा.

आकडे इतके सारखे कसे, हे मला तीन महिने सुचलं नाही, ही माझी चूक. बरं, हा आपल्याच लोकांचा गुण आहे असंही समजू नका. ब्रिटनमध्ये अत्यवस्थ रुग्णाकडे ८ मिनिटांत अँब्युलन्स पोहोचण्याचं लक्ष्य लावलं, तेव्हा काही सेवांच्या नोंदींत ८ च्या जरा अलीकडे आकड्यांचा ढीग साचला आणि जरा पलीकडे खड्डा पडला. पोलीस खात्यात हेच वेगळ्या रूपात दिसतं. ‘गुन्हे कमी करा’ म्हटलं की आधी कमी होते ती गुन्ह्यांची नोंद. म्हणून तर नोंदलेले गुन्हे वाढले याचा अर्थ गुन्हेगारी वाढलीच असा घेऊ नका, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग स्वतःच बजावतो.

आता मिनिटांकडे येऊ. ‘प्रतिसादाची वेळ’ अशी एक वेळ नसतेच. चार तुकडे असतात आणि चारांचे मालक वेगळे.

पहिला तुकडा फोनचा. फोन उचलल्यापासून स्टेशनाला घंटा जाईपर्यंतचा. यात वेळ खातो तो पत्ता. आपल्याकडे एकाच नावाच्या सोसायट्या गावाच्या तीन टोकांना असतात, आणि घाबरलेला माणूस फक्त नाव ओरडून फोन ठेवतो. ‘बाजूला काय आहे?’ हा एक प्रश्न विचारण्याची सवय कंट्रोल रूमला लावा. चुकीच्या पत्त्यावर गाडी किती वेळा गेली, हा आकडा ४२ च्या यादीत नाही. तो घाला.

दुसरा तुकडा टर्नआउटचा: घंटा वाजल्यापासून चाक हलेपर्यंत. हा मात्र पूर्णपणे स्टेशनाच्या हातातला. अमेरिकेच्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या १७१० क्रमांकाच्या मानकात आगीच्या कॉलसाठी याला ८० सेकंद दिलेत. आपल्याकडे आधी स्टॉपवॉच लावून खरी वेळ बघा, मग ८० चं बोला. दिवस आणि रात्र वेगवेगळी मोजा. रात्री ३ ला माणूस गाढ झोपेतून उठतो, त्याची दुपारी ३ शी तुलना करू नये. आम्ही मोजलं तेव्हा एका स्टेशनला रात्री पावणेतीन मिनिटं लागत होती. ओरडून काही झालं नाही. एक रात्र मी तिथेच झोपलो, तेव्हा कळलं: शटर जड, वर करायला दोन माणसं लागायची, आणि गाडीची किल्ली ऑफिसच्या कपाटात. शटरला तेल आणि नवी स्प्रिंग, किल्ली गाडीतच, गमबूट दाराशी उलटवून ठेवलेल्या पँटमध्ये. महिन्याभरात पावणेतीनाचे पावणेदोन झाले. खर्च एका साहेबाच्या सत्काराला येतो त्याहून कमी.

तिसरा तुकडा रस्त्याचा. इथे क्रूला जबाबदार धरणं म्हणजे पावसासाठी शेतकऱ्याला मेमो देणं. ३० किलोमीटरच्या वेगाने ५ मिनिटांत गाडी अडीच किलोमीटर जाते, आणि बडोद्याच्या मंगळबाजारसारख्या भागात संध्याकाळी ३० चा वेग कोणी दाखवला तर मी त्याला सेव-उसळ खिलवीन. केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीने शहरांसाठी ५ ते ७ मिनिटं सुचवली आहेत. तो आकडा मुख्यतः स्टेशनं कुठे बांधावीत हे ठरवायला आहे. तुमच्या हद्दीचा कोपरा स्टेशनापासून ६ किलोमीटरवर असेल, तर तिथला उशीर ड्रायव्हरचा नाही, नगररचना विभागाचा आहे. या तुकड्याचे मालक तुम्ही: अतिक्रमण, पार्किंग, खणलेले रस्ते, नव्या स्टेशनाची जागा. तेव्हा त्याचा आकडा तुमच्या नावापुढे लिहा. क्रूला ते दिसू द्या. त्या एका गोष्टीने विश्वास जेवढा मिळतो तेवढा दहा प्रशिक्षणांनी मिळत नाही.

चौथा तुकडा गाडी थांबल्यापासून आगीवर पाणी पडेपर्यंतचा, आणि मी सगळ्यात जास्त जीव टाकीन तो इथे. आमच्या वखारीत घोळ इथेच झाला होता. होजची एक लांबी १५ मीटर. गल्ली १०० मीटर आत असेल तर सात लांब्या जोडाव्या लागतात, आणि वळण आलं की आठवी. ६३ मिलिमीटरचा भरलेला होज ओढणं काय असतं ते एकदा तुम्ही स्वतः ओढून बघा, एक्सेल वेगळं दिसायला लागेल. ४,५०० लिटरची गाडी आणि मिनिटाला ४५० लिटर सोडणारी एक ब्रांच (होजच्या टोकाची तोटी) धरली, तर पाणी पुरतं १० मिनिटं. दोन ब्रांच लावल्या तर ५. म्हणजे पहिली गाडी सहाव्या मिनिटाला पोहोचून शूर ठरली, पण दुसरी गाडी विसाव्या मिनिटाला आली, तर मधे आग पुन्हा डोकं वर काढते. लोक ‘बंबात पाणीच नव्हतं’ म्हणतात ते यालाच. म्हणून माझा आवडता निर्देशक साधा हो-नाहीचा आहे: मोठ्या कॉलला पाणी मधे तुटलं का? या एका प्रश्नातून हायड्रंट (बंब भरायचे रस्त्यावरचे नळ) चालू आहेत की नाहीत, टँकर कुठून भरतो, दुसऱ्या स्टेशनाला कधी कळवलं, सगळं बाहेर येतं.

घाई कशासाठी, हेही एकदा स्पष्ट असू द्या, नाहीतर मिनिटांची पूजा सुरू होते. फोमचा सोफा, प्लायवूड, पडदे असलेली आजची खोली चार-पाच मिनिटांत पूर्ण पेटू शकते. जुन्या सागवानी फर्निचरच्या खोलीला त्याच्या कितीतरी पट वेळ लागायचा. आग एका खोलीत रोखली की शेजारच्या खोलीत गेली, हा खरा निकाल. अहवालात ‘आम्ही पोहोचलो तेव्हा आग कुठवर होती आणि विझली तेव्हा कुठवर गेली होती’ या दोन ओळी सक्तीच्या करा. त्यांची तुलना म्हणजे क्रूच्या कामाचं मोजमाप, कारण पोहोचण्याआधी पसरलेली आग त्यांच्या नावावर जात नाही.

सरासरी काढू नका. समजा १० कॉल झाले आणि वेळ लागली ४, ४, ५, ५, ५, ६, ६, ७, ९ आणि २४ मिनिटं. सरासरी साडेसात. ही साडेसात मिनिटं त्या दहा घरांपैकी एकानेही अनुभवलेली नाहीत. त्याऐवजी लिहा: १० पैकी ९ कॉल ९ मिनिटांच्या आत, एका कॉलला २४. मग बैठकीत बोलायचं ते फक्त त्या २४ वर. तिथे काय झालं? रेल्वे फाटक बंद होतं, की गाडी दुसऱ्या कॉलवर होती, की पत्ता चुकला? बाकी नऊंवर चहा थंड करायची गरज नाही.

एक गोष्ट सल्लागार नेहमी विसरतात: आपलं कॅलेंडर. त्यांच्या तक्त्यात ‘मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी तुलना’ असा रकाना असतो. दिवाळी २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होती, २०२४ मध्ये ऑक्टोबर संपता संपता आली, २०२५ मध्ये २० ऑक्टोबरच्या आसपास. आता नोव्हेंबर २०२३ च्या शेजारी नोव्हेंबर २०२५ ठेवला की कॉल धाडकन उतरलेले दिसणार, आणि कोणीतरी त्याचं श्रेय घेऊन मोकळं होणार. रॉकेटने पेटलेली गच्ची तिथीने येते. तसंच उत्तरायणाचं. १४ जानेवारीला आणि दुसऱ्या दिवशीच्या वाशी उत्तरायणाला मांज्यात अडकलेल्या पक्ष्यांचे कॉल इतके येतात की जानेवारीचा एकूण आकडा फुगतो. पक्षी सोडवणं चांगलंच काम आहे, पण ती शिडी त्या वेळी विजेच्या खांबाला टेकलेली असते, हे वेगळ्या रकान्यात दिसलं पाहिजे. सण सणाशी ताडून बघा आणि कॉलचे प्रकार वेगळे ठेवा. एकूण कॉलची संख्या हा निर्देशकच नाही, ते हवामान आहे.

लहान गावात मृत्यूंचा आकडाही असाच फसवतो. एका वर्षी आगीत ३ माणसं गेली, दुसऱ्या वर्षी ६, की ‘दुप्पट’ अशी बातमी. खरं तर दुसऱ्या वर्षी एकाच घरात चार जण झोपलेले होते. तीन किंवा पाच वर्षांची बेरीज बघा. रस्त्यावरचा ब्लॅक स्पॉट ठरवतानाही केंद्राचं वाहतूक मंत्रालय तीन वर्षांचे अपघात एकत्र धरतं, ते याचसाठी. पण प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी मात्र व्हावी. तिथे टक्केवारी नको, कागद हवा.

आता ‘वाचवलेली मालमत्ता’. हा रकाना आपल्या देशात सगळीकडे आहे आणि तो बघून मला अजून हसू येतं. आमच्याकडे एक रिपोर्ट असा होता: पानाचा गल्ला (टपरी) जळाला, नुकसान ८,००० रुपये, वाचवलेली मालमत्ता ४ कोटी. कारण गल्ल्याला लागून कापडाची बाजारपेठ होती आणि कोणीतरी तिची पूर्ण किंमत धरली. वार्षिक अहवालात असे कोटींवर कोटी चढतात, सभागृहात टाळ्या होतात, आणि अंदाजपत्रकात होजला पैसे मिळत नाहीत, कारण एवढं वाचवताय म्हणजे तुमचं बरं चाललंय! तुमच्या ४२ मध्ये हा सोळाव्या क्रमांकावर आहे. काढून टाका. वरून मागितला तर पाठवा, पण त्यावर कोणाला शाबासकी देऊ नका.

प्रतिबंधाचं काम मोजणं सगळ्यात अवघड, कारण न लागलेली आग दिसत नाही. म्हणून लोक सोपा आकडा धरतात: किती तपासण्या, किती नोटिसा, किती सील. २४ मे २०१९ ला सुरतेत तक्षशिला आर्केडमधल्या क्लासला आग लागून २२ जण गेले, बहुतेक विद्यार्थी. २५ मे २०२४ ला राजकोटचा गेम झोन जळाला. दोन्ही वेळी राज्यभर तपासणीची लाट उठली आणि सीलचे आकडे रोज मागितले जाऊ लागले. अशा लाटेत माणूस सोपी जागा शोधतो. रस्त्याकडेच्या दहा दुकानांना नोटीस द्यायला एक सकाळ पुरते. एका रुग्णालयाचा जिना, आयसीयूचं वायरिंग आणि ऑक्सिजनची लाइन नीट बघायला दोन दिवस जातात. दोन्ही तक्त्यात ‘तपासणी’ म्हणूनच मोजल्या जातात, पहिली दहा आणि दुसरी एक.

माझं मत असं: नोटिसा मोजूच नका, दुसरी फेरी मोजा. पहिल्या फेरीत निघालेल्या दोषांपैकी ९० दिवसांनी किती दूर झाले? आणि फक्त तीनच दोष बघा, जे माणसं मारतात: बाहेर पडायचा दुसरा रस्ता, तो रस्ता मोकळा आहे का, आणि पंप चालू केल्यावर वरच्या मजल्यावर पाणी येतं का. भिंतीवरच्या अग्निशामकाची तारीख बघून परत येणं हा तपासणीचा देखावा आहे. गुजरातेत २०१३ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे, आता खासगी अग्निसुरक्षा अधिकारीही प्रमाणपत्राच्या कामात आहेत. तेव्हा तुमच्या माणसांनी त्यांच्या प्रमाणपत्रांपैकी काही, चिठ्ठ्या टाकून, स्वतः जाऊन पडताळावीत. किती पडताळली हा एक आकडा, आणि त्यातली किती कागदाशी जुळली हा दुसरा. दुसरा आकडा सुरुवातीला वाईट येईल. येऊ द्या.

इथे आणखी एक रकाना लागतो, ज्याला नाव देता येत नाही. आपल्या बडोद्यात हरणीच्या तलावात १८ जानेवारी २०२४ ला सहलीच्या मुलांची नाव उलटली; १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. नाव ही अग्निशमनाच्या तपासणी फॉर्मवर असणारी गोष्ट नव्हे. पण कॉल आल्यावर पाण्यात उतरणारी माणसं आपलीच. म्हणून वर्षातून एकदा स्टेशनच्या लोकांना कोरा कागद द्या आणि विचारा: आपल्या हद्दीत कुठली जागा बघून तुम्हाला भीती वाटते, आणि ती कोणाच्याही यादीत नाही? फायरमनला हे ठाऊक असतं. त्याला कोणी विचारत नाही. आमच्याकडे अशा कागदावर एका मंगल कार्यालयाचं तळघर आणि एक बंद पडलेला फटाक्यांचा साठा आला होता.

पुराबद्दल थोडं, कारण मध्य गुजरातेत पावसाळ्यात अग्निशमनाचं अर्धं काम पाण्यात असतं. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी बडोद्यातली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची खूण २६ फूट. अशा वेळी ‘किती जणांना वाचवलं’ हा आकडा प्रत्येक यंत्रणा आपापला सांगते. बडोद्याजवळ जरोदला एनडीआरएफची सहावी बटालियन आहे, ते येतात, लष्कर येतं, पोलीस, तुमची बोट, गल्लीतली पोरं ट्यूब घेऊन. एकच आजी तीन यादीत असते. तो आकडा स्पर्धेसाठी निरुपयोगी. पाणी चढण्याआधीचं मोजा: खुणेच्या ६ फूट खाली असताना बोटी ठरलेल्या जागी पोहोचल्या होत्या का, आउटबोर्ड इंजिन चालू करून पाहिलं होतं का, एकटे राहणारे वृद्ध आणि डायलिसिसवाले यांची यादी वॉर्डवार हातात होती का. ‘थई जशे साहेब’ (होऊन जाईल साहेब) हे ज्या स्टेशनात जास्त ऐकू येतं, तिथे इंजिन चालू होत नाही, हा माझा अनुभव. आणि नदीतून वस्तीत आलेल्या मगरीचे कॉल वनखात्याकडे किती वेळात दिले गेले तेही बघा. तुमच्या माणसांनी दोरी घेऊन शूरपणा करायचा नाही.

माणसांच्या बाबतीत दोनच आकडे ठेवा, पण ते सोडू नका. गाडी निघाली तेव्हा तिच्यावर प्रत्यक्षात किती जण होते? कागदावर सहा, गाडीवर तीन, असं असेल तर बाकीच्या सगळ्या निर्देशकांचं उत्तर तिथेच आहे. दुसरा: धुरात शिरताना श्वसनाचा बीए सेट घातला होता का? ३०० बारचा सिलिंडर पाठीवर, मास्क चेहऱ्यावर, एका मिनिटात तयार, ही ड्रिल आठवड्याला झाली तरच तो खऱ्या आगीत घातला जातो. नाहीतर ओला रुमाल बांधून आत जाणारे बहाद्दर असतात, आणि पन्नाशीत त्यांची छाती वाजते. माझीही वाजते.

तर ४२ च्या जागी किती? आठ. चुकीचे पत्ते, रात्रीचं टर्नआउट, गाडी थांबल्यापासून पाणी पडेपर्यंतचा वेळ, पाणी तुटलं का, आग पोहोचल्यावर पसरली का, ९० दिवसांत दूर झालेले दोष, गाडीवरची माणसं (धुरात बीए घातला होता का, यासह), आणि गाडी-पंप-बीए किती तास नादुरुस्त होते. रस्त्याचा वेळ नववा, पण तो तुमच्या स्वतःच्या पानावर. यादीतले बाकीचे माहिती म्हणून नोंदत राहा, त्यावर बैठक नको. १४ एप्रिलच्या अग्निशमन सप्ताहात किती शाळांत प्रात्यक्षिकं झाली, किती पत्रकं वाटली, ही त्या बाकीच्यांतली मंडळी.

लक्ष्य ठरवताना दुसऱ्या शहराचा आकडा उचलू नका. मागच्या तीन वर्षांची आपलीच बुकं काढा, प्रत्येक स्टेशनाचा आजचा खरा आकडा काढा आणि वर्षभरात एक पायरी धरा. रात्रीचं टर्नआउट १६० सेकंद असेल तर १२० म्हणा, ८० नको. प्रत्येक लक्ष्यासमोर तीन गोष्टी हव्यात: कोण करणार, त्याला काय लागेल, ते कधी मिळेल. मधला रकाना रिकामा असेल तर लक्ष्य खोडा. अग्निशमनाच्या आधुनिकीकरणासाठी पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने २०२३ मध्ये ५,००० कोटींची योजना आणली. तुमच्याकडे त्यातून गाडी आली तर छानच, पण ‘गाडी खरेदी झाली’ हे फळ म्हणून लिहू नका. ड्रायव्हर नसलेली नवी गाडी मी शेडमध्ये दोन पावसाळे उभी पाहिली आहे.

सभागृहात कोणी विचारेल, हे निर्देशक सरकारच्या कुठल्या नमुन्यात आहेत? त्यांना सांगा, २००८ मध्ये केंद्राने शहरी सेवांसाठी २८ निर्देशकांचे मापदंड ठरवले, त्यात पाणी आहे, मलनिस्सारण आहे, कचरा आहे, पावसाच्या पाण्याचा निचरा आहे. अग्निशमन नाही, जरी घटनेच्या बाराव्या परिशिष्टात ते नगरपालिकेचंच काम म्हणून लिहिलेलं आहे. त्यामुळे नमुना तुम्हालाच करावा लागणार.

आणि आयुक्तांना, किंवा तुमच्याकडे जे मुख्याधिकारी असतील त्यांना, आधीच गाठा. खरी नोंद सुरू झाली की पहिले सहा महिने आकडे बिघडतात. चुकीचे पत्ते वाढलेले दिसतील, टर्नआउट लांबलेलं दिसेल, थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांची नोंद शून्यावरून वीसवर जाईल. हे आधी लेखी सांगितलं नसेल तर सातव्या महिन्यात लाल शाई परत येते.

महिन्याची बैठक तासाभराची ठेवा, स्टेशनातच, गाडीसमोर. एकच अवघड कॉल निवडा. ज्यांनी तो केला त्यांना आधी बोलू द्या, सर्वांत कनिष्ठ फायरमनने सुरुवात करायची, अधिकाऱ्याने शेवटी. तिथे बोललेलं कोणाच्या फाइलला लागणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा आणि पाळा. दारू पिऊन ड्युटी, खोटी नोंद, पैसे मागणं यांसाठी शिस्तीची वेगळी वाट आहेच. ती या बैठकीत आणू नका.

सल्लागारांना चार दिवस थांबवा. त्या चार दिवसांत तुमच्या मुख्य स्टेशनाचं गेल्या वर्षीचं ऑकरन्स बुक घ्या आणि कुठलेही सलग १०० कॉल स्वतः वहीत उतरवा: फोनची वेळ, गाडी निघाल्याची, पोहोचल्याची, स्टॉप मेसेजची (आग आटोक्यात आल्याच्या संदेशाची). कुठे रकाना कोरा आहे, कुठे चार ओळींचं अक्षर आणि शाई एकच दिसते, म्हणजे बुक महिनाअखेरीस एका बैठकीत भरलं गेलंय, हे तुम्हाला तिसऱ्या पानापर्यंत कळेल. अक्षर लागलं नाही तर पानाचा फोटो पाठवा. तीस वर्षं तीच अक्षरं वाचली आहेत, मला लागतील.